सोफियाचा बारावा डाव

सन २०१० च्या मे महिन्याच्या ११ व्या तारखेस बल्गेरियाच्या राजधानीत, सोफिया येथील मध्यवर्ती सैनिकी क्लबाच्या सभागृहात, बुद्धिबळाच्या जगज्जेतेपदाचा बारावा आणि अखेरचा डाव मांडला गेला. अकरा डावांअखेर उभय खेळाडूंचे गुण ५.५–५.५ असे समसमान होते. पांढरी मोहरी बल्गेरियाच्याच व्हेसेलिन टोपालोव्ह ह्यांच्याकडे होती. काळी मोहरी जगज्जेते विश्वनाथन आनंद ह्यांच्याकडे. छप्पन्न खेळ्यांनंतर टोपालोव्हांनी हार मान्य केली आणि जगज्जेतेपद आनंदांकडेच राहिले.

निकाल एवढाच, आणि तो सर्वांस ठाऊक आहे. परंतु हा डाव काळ्याने जिंकला की पांढऱ्याने घालवला, हा प्रश्न ह्या लढतीचा विषय निघाला की हटकून निघतो. आमचा पेशाच असा आहे, की निकाल लागला एवढ्याने आमचे समाधान होत नाही. निकालाची कारणे हाती आल्याखेरीज कागदांना दोरी बांधवत नाही. म्हणून त्या प्रश्नाची थोडी छाननी करण्याचे आम्ही योजिले आहे.

वकिलाने बुद्धिबळावर लिहावे, ह्याचे नवल वाटण्याचे वस्तुतः कारण नाही. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात काशीस राहून धर्मशास्त्रावर ग्रंथरचना करणाऱ्या नीलकंठभट्टांचे नाव आम्हां वकीलमंडळींस त्यांच्या ‘व्यवहारमयूखा’मुळे परिचित आहे. हे घराणे मूळचे पैठणचे. हिंदूंच्या वारसाहक्काच्या वादांत मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्या ग्रंथास कित्येक वर्षे प्रमाण मानले. त्याच नीलकंठभट्टांनी आपल्या ‘नीतिमयूखा’त बुद्धिबळाच्या खेळाचेही वर्णन करून ठेवले आहे. वाटणीचे आणि वारसांचे नियम ज्या लेखणीने लिहिले, तिनेच राजा, हत्ती आणि घोडा ह्यांच्या चाली लिहाव्यात, हे आम्हांस तरी फार उचित वाटते. असो.

आता काळी मोहरी म्हणजे काय, ते पाहू. पहिली खेळी पांढऱ्याची, हा नियम आज स्वयंसिद्ध वाटतो. परंतु युरोपातही तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू रूढ झाला. तत्पूर्वीच्या काही नामांकित डावांत काळ्याने आरंभ केलेला आढळतो. नियम पक्का झाला आणि त्याचे फळही दिसू लागले. नोंदल्या गेलेल्या असंख्य डावांचा हिशेब केला, तर बरोबरीचा अर्धा गुण दोन्हीकडे धरून, शंभरांपैकी सुमारे ५४–५५ गुण पांढऱ्याच्या पदरात पडतात. आकड्यात हा फरक लहान दिसतो. अग्रगण्य खेळाडूंच्या लढतीत मात्र काळ्याने खेळणारा बरोबरी साधली म्हणजे दिवस चांगला गेला असे मानतो, इतका तो मोठा असतो.

न्यायालयाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांस हे चटकन उमजेल. दाव्यात प्रथम उभे राहण्याचा हक्क वादीचा, आणि आपले म्हणणे शाबीत करण्याचा भारही त्याच्याच शिरावर. १८७२ चा पुराव्याचा कायदा १ जुलै २०२४ रोजी गेला आणि त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हे तत्त्व तसूभरही हललेले नाही. दोन्हीकडचा पुरावा तोलून तराजू समतोल राहिला, तर दावा फेटाळला जातो. प्रतिवादीस त्याहून अधिक काही करावे लागत नाही. काळ्याने खेळणारा हा असा प्रतिवादी होय. मात्र प्रतिवादीस प्रतिदावा आणण्याची मुभा असते, ही गोष्ट उत्साहाच्या भरात वादी कधी कधी विसरतो.

उभयतांचा पूर्वेतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे. आनंदांचा जन्म १९६९ चा, तामिळनाडूतील मयिलादुतुरै येथला. १९८८ साली ते भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले. २००७ साली मेक्सिको शहरातील स्पर्धा जिंकून त्यांनी जगज्जेतेपद मिळवले, आणि २००८ साली जर्मनीतील बॉन येथे रशियाच्या व्लादिमिर क्रामनिक ह्यांचा समोरासमोर पराभव करून ते राखले. बॉनच्या लढतीत त्यांनी तिसरा आणि पाचवा हे दोन्ही डाव काळ्या मोहऱ्यांनी जिंकले होते, हे येथे ध्यानात ठेवावे. टोपालोव्हांचा जन्म १९७५ चा, डॅन्यूब नदीकाठच्या रूसे गावचा. २००५ साली अर्जेंटिनात ते जागतिक संघटनेचे जगज्जेते झाले. २००६ साली एलिस्ता येथे क्रामनिककडून हरले. त्या लढतीत खेळाडूच्या खाजगी स्नानगृहावरून जी तक्रारबाजी झाली आणि तीपायी न खेळताच एक डाव क्रामनिकच्या विरुद्ध गेला, तिचा तपशील येथे देऊन आम्ही कागद खराब करीत नाही. २००९ साली अमेरिकेच्या गाटा काम्स्की ह्यांस सोफियातच हरवून टोपालोव्ह पुन्हा आव्हानवीर झाले होते.

लढत २३ एप्रिल २०१० रोजी सुरू व्हावयाची होती. १४ एप्रिलला आइसलंडमधील ज्वालामुखी भडकला, त्याची राख युरोपच्या आकाशात पसरली आणि विमाने जमिनीवर खिळली. स्पेनहून निघालेले आनंद फ्रँकफुर्ट येथे अडकून पडले. अखेरीस पत्नी व सहकाऱ्यांसह त्यांनी मोटारीची वाट धरली, आणि जर्मनी, ऑस्ट्रिया, हंगेरी व रूमेनिया ओलांडून सुमारे चाळीस तासांच्या प्रवासानंतर ते सोफियास पोहोचले. त्यांनी तीन दिवसांची तहकुबी मागितली होती. यजमानांनी ती नाकारली. जागतिक संघटनेने मधे पडून एक दिवस दिला.

ह्या ठिकाणी आमचे मत स्पष्टपणे नोंदवतो. लढत प्रतिपक्षाच्या राजधानीत, यजमान प्रतिपक्षाचे देशबांधव, आणि विलंबाचे कारण कोणाही मनुष्याच्या हातचे नसलेले. अशा वेळी तीन दिवस देण्याने कोणाचे काय बिघडले असते? दैवी आपत्तीने अडलेल्या पक्षकारास मुदत द्यावी, हा संकेत कोणत्याही कायद्याहून जुना आहे. अर्थात सभागृहे ठरलेली असतात, तिकिटे विकलेली असतात, ही यजमानांची बाजूही आम्ही समजू शकतो. पण समजणे निराळे आणि न्याय्य मानणे निराळे.

२४ एप्रिलला पहिला डाव झाला आणि आनंद तो अवघ्या तीस खेळ्यांत हरले. घरी तयार करून आणलेल्या खेळ्यांचा क्रम त्यांच्या मनात उलटसुलट झाला. हा प्रवासाचा शीण होता की नुसता विसर, ते कोण सांगणार? दुसऱ्याच डावात त्यांनी परतफेड केली, चौथाही डाव जिंकून आघाडी घेतली. आठव्या डावात टोपालोव्हांनी एका चिवट अंतिम अवस्थेत गुण मिळवून पुन्हा समतोल केला. नवव्या डावात आनंदांच्या हातातोंडाशी आलेला विजय निसटला. दहावा आणि अकरावा बरोबरीत सुटले.

एक गोष्ट विशेष सांगावयास हवी, कारण बाराव्या डावाचे मर्म तिच्यात आहे. टोपालोव्हांनी लढतीपूर्वीच जाहीर केले होते, की आपण बरोबरीचा प्रस्ताव मांडणार नाही, स्वीकारणार नाही, आणि खेळ चालू असता प्रतिस्पर्ध्याशी बोलणारही नाही. थोड्या खेळ्यांत संगनमताने होणाऱ्या बरोबऱ्यांस आळा घालण्यासाठी सोफियाच्याच एका स्पर्धेत २००५ साली असा नियम घालण्यात आला होता, आणि त्यावरून त्यास सोफियाचे नाव पडले आहे. नियम म्हणून तो वाईट नाही. प्रेक्षकांच्या दृष्टीने चांगलाच आहे. परंतु ह्या लढतीत तो उभयपक्षी करार नव्हता. एका पक्षाने स्वतःवर घालून घेतलेले ते बंधन होते. आणि स्वतःवर घातलेले बंधन सोडविणे परक्याने घातलेल्याहून कठीण असते.

बारावा डावही बरोबरीत सुटता, तर दोन दिवसांनी जलद डावांवर निर्णय व्हावयाचा होता. झटपट खेळात आनंदांचा हात धरणारे त्या काळी थोडेच होते. तो प्रसंग टोपालोव्हांस टाळावयाचा होता. म्हणजे वेळापत्रकावरून दोघांसही समान वाटणारी स्थिती खरोखर समान नव्हती: आनंदांस बरोबरी चालणारी होती, टोपालोव्हांस नव्हती.

आता डावाकडे वळू. जत्रेच्या दिवसांत देवळाच्या अग्रशाळेत पट मांडून बसणारे आमचे वाचक पुष्कळ आहेत. त्यांनी तो पुढ्यात घ्यावा. इतरांनी पाच परिच्छेद धीर धरावा.

टोपालोव्हांनी वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे ढकलून आरंभ केला आणि दुसऱ्या खेळीस वजिराच्या बाजूच्या उंटापुढील प्यादे देऊ केले. आनंदांनी ते नाकारून जुनी, भक्कम मांडणी केली. सातव्या खेळीस त्यांनी आपला घोडा पटाच्या मध्यावर आणून ठेवला. ही लास्करची बचावपद्धती. इमान्युएल लास्कर हे गणिताचे पंडित १८९४ पासून १९२१ पर्यंत जगज्जेते होते. १९०७ साली मार्शलविरुद्धच्या लढतीत त्यांनी ती वापरली. तिचा हेतू एकच: मोहऱ्यांची अदलाबदल करून काळ्याच्या कोंदट घरात मोकळी हवा आणणे. तिच्यात रोमहर्षक असे काही नाही. ह्या संपूर्ण लढतीत आनंदांनी ती तोवर एकदाही वापरलेली नव्हती. सर्वांत महत्त्वाच्या दिवशी त्यांनी सर्वांत जुने आणि सर्वांत साधे हत्यार काढले.

विसाव्या खेळीच्या सुमारास पटावर उरले ते असे: दोघांकडे वजीर, दोन हत्ती व सहा-सहा प्यादी, पांढऱ्याकडे घोडा, काळ्याकडे उंट. काळ्याचे उंटाच्या पट्टीतील प्यादे एकटे पडलेले, म्हणजे थोडे दुबळे. पांढरा त्यावर डोळा ठेवून. स्थिती जवळजवळ समान, पण छळ करावयाचा तर तो पांढऱ्यानेच करावयाचा. आणि येथे चोविसाव्या खेळीस आनंदांनी आपला उंट पांढऱ्याच्या वजिरावर नेला. वजीर हलला, पंचविसाव्या खेळीस उंट होता त्या घरी परत आला. शब्द एकही नाही, पण अर्थ उघड होता. पांढऱ्याचा वजीर आपल्या पूर्वीच्या घरी परतता, तर उंट पुन्हा त्याच्यावर गेला असता, आणि तीच स्थिती तीनदा येऊन बरोबरी झाली असती. ज्याने बरोबरीबद्दल बोलणेच वर्ज्य केले होते, त्याच्यापुढे आनंदांनी तडजोडीचा कागद न बोलता ठेवला होता.

टोपालोव्हांनी सही केली नाही. वजीर परत न आणता त्यांनी हत्ती बाजूच्या पट्टीवर नेला. मग घोडा काळ्याच्या प्रदेशात घुसवला. घोड्याच्या माऱ्यातून सुटण्यासाठी काळ्याचा उंट मागे सरकत सरकत अठ्ठाविसाव्या खेळीस अगदी कोपऱ्यात, वजिराच्या बाजूच्या हत्तीचे जे मूळ घर तेथे, जाऊन बसला. वरवर पाहणाऱ्यास वाटावे, बिचारा कोंडला गेला. परंतु उंट तिरका चालतो, आणि त्या कोपऱ्यातून निघालेली पटावरील सर्वांत लांब तिरकी रेषा थेट पांढऱ्याच्या राजाच्या घरावरून जात होती. मधे दोन-तीन प्यादी उभी होती, म्हणून रेषा बंद होती, इतकेच.

ती प्यादी कोणी हलवली? हा आमच्या चौकशीचा मुख्य मुद्दा. तिसाव्या खेळीस आनंदांनी राजाच्या बाजूच्या उंटापुढील प्यादे दोन घरे लोटून मध्यावर घाव घातला. एकतिसाव्या खेळीस टोपालोव्हांनी आपल्या मधल्या प्याद्याने ते प्यादे मारले. तत्काळ आनंदांनी दुसरे प्यादे पुढे सारले: हेही घ्या. टोपालोव्हांनी तेही घेतले, आणि त्या एका खेळीने डाव गेला. दोन प्यादी घेताना पांढऱ्याची दोन प्यादी लांब रेषेवरून हलली. काळ्याच्या वजिराने मधे उडी घेऊन शह दिला आणि त्याच्या पाठीशी कोपऱ्यातला तो उंट जागा झाला. पांढऱ्याचा राजा आपल्या तटाबाहेर पडून पटाच्या कडेस आला.

ह्यानंतर आनंदांची चौतिसावी खेळी आम्हांस सर्वांत अधिक आवडते. प्रतिपक्षाचा राजा उघड्यावर असता मनुष्यास शहावर शह देण्याचा मोह होतो. आनंदांनी वजीर उलट मागे, थेट आपल्या घरच्या रांगेत आणला. त्यायोगे उंटाची वाट मोकळी झाली आणि राजाभोवतीचा फास बाजूने आवळता आला. मग प्यादी पुढे आली. सदतिसाव्या खेळीस पांढऱ्याने दोन घरे चाललेले काळे प्यादे जाता जाता मारले. देशी पद्धतीने खेळणाऱ्यांस हा प्रकार अपरिचित वाटेल, कारण आपल्याकडे प्यादे बहुधा एकच घर चालते आणि असे मारणेच उद्भवत नाही. त्याने पांढऱ्याचा श्वास क्षणभर लांबला. काळ्याचा हत्ती शह देत आत शिरला, आणि शेचाळिसाव्या खेळीस मात टाळण्यासाठी पांढऱ्यास आपला वजीर द्यावा लागला. मधे एक-दोन ठिकाणी आनंदांस याहून जवळची वाट होती, असे नंतरच्या विश्लेषणात दिसून आले आहे. पण त्या दिवशी, त्या खुर्चीवर बसून, सुरक्षित वाटेने जाणाऱ्यास आम्ही दोष देणार नाही. छप्पन्नाव्या खेळीनंतर टोपालोव्हांनी हात पुढे केला. अंतिम गुण ६.५–५.५.

तेव्हा प्रश्न असा: पांढऱ्याने बत्तिसाव्या खेळीस चूक केली, ती नसती तर काय? ती नसती तर बरोबरी झाली असती, असे पुष्कळांचे म्हणणे, आणि ते खोटे नाही. त्यावरून पुढे असा निष्कर्ष काढतात, की हा विजय आनंदांस मिळाला, त्यांनी तो मिळवला नाही. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. बुद्धिबळाच्या आरंभस्थितीत कोणाचाही विजय सिद्ध झालेला नाही. तेव्हा कोणी चुकल्यावाचून कोणीही जिंकत नाही. चूक झाली हे कारण सर्वच विजयांस लागू आहे, म्हणून ते कोणत्याही एका विजयाचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही. पाहावयाचे ते हे, की चूक घडली तेव्हा तिची किंमत वसूल करण्याची तयारी समोरच्याची होती काय. येथे उंट कोपऱ्यात होता, एक हत्ती मोकळ्या पट्टीवर होता, वजीर मध्यावर नजर ठेवून होता. ज्या प्याद्याचे आमिष दाखवावयाचे ते योग्य घरी होते. सात खेळ्या अगोदर तडजोड मागणाऱ्याने खटल्याची तयारी सोडलेली नव्हती. वकिलीच्या व्यवसायात आम्ही दोन्ही तऱ्हेचे लोक पाहतो. तडजोडीची बोलणी सुरू झाली की साक्षीदारांकडे दुर्लक्ष करणारे पुष्कळ. बोलणी करीत असताना साक्षीदार कोर्टाच्या दारात उभे ठेवणारे थोडे.

आणि टोपालोव्हांवरही अन्याय होऊ नये. ते भ्याले म्हणून हरले, असे म्हणणे सोपे आहे. जलद डावांची त्यांची चिंता वाजवी होती. पांढरी मोहरी हाती असता जिंकण्याचा प्रयत्न करणे हे त्यांचे कर्तव्यच होते. बरोबरी नाकारण्यात चूक नव्हती. नाकारल्यावर, आपला राजा कोणत्या रेषेवर उभा आहे हे पुन्हा एकदा पाहिले नाही, ही चूक. दावा पुढे चालवणे निराळे, आणि समोर प्रतिदावा दाखल झाला आहे हे न वाचता चालवणे निराळे.

लढतीनंतर आनंदांनी एक गोष्ट उघड केली, ती ऐकून बुद्धिबळजगत् थक्क झाले. नील्सन, कासिमजानोव्ह, व्होय्ताशेक आणि आपले सूर्यशेखर गांगुली हे त्यांचे चार मदतनीस सर्वांस माहीत होते. परंतु कास्पारोव्ह, क्रामनिक आणि मॅग्नस कार्लसन ह्यांनीही त्यांस पडद्याआडून साहाय्य केले होते. ह्यांपैकी क्रामनिकांस तर आनंदांनी दोनच वर्षांपूर्वी हरवले होते. कालचा प्रतिपक्षी आज आपल्या बाजूस बसून सल्ला देतो, हा वकिलांच्या खोलीतला नित्याचा अनुभव. पटावर तो क्वचित दिसतो.

जगज्जेतेपदाच्या इतिहासात अखेरच्या डावाने पारडे फिरवल्याची उदाहरणे आहेत, पण ती बहुधा पांढऱ्याची. १९१० साली लास्करने श्लेख्टरविरुद्ध, १९८७ साली कास्पारोव्हने कार्पोव्हविरुद्ध, २००४ साली क्रामनिकने लेकोविरुद्ध अखेरचा डाव जिंकून पद राखले. तिघांकडेही पांढरी मोहरी होती. काळ्याने अखेरचा डाव जिंकल्याचे ठळक उदाहरण म्हणजे मॉस्को, ९ नोव्हेंबर १९८५. कार्पोव्हांस पद राखण्यासाठी चोविसावा डाव जिंकणे भाग होते. ते पुढे सरसावले, आणि बावीस वर्षांच्या कास्पारोव्हने काळ्या मोहऱ्यांनी त्यांस बेचाळीस खेळ्यांत हरवून जगज्जेतेपद घेतले. तेथेही पांढऱ्यास बरोबरी परवडणारी नव्हती.

ह्यावरून कोणी असा नियम बांधील, की अखेरच्या डावात काळ्याने स्वस्थ बसावे, पांढरा आपण होऊन येऊन पडेल. तो नियम १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे मोडला. चीनचे जगज्जेते डिंग लिरेन आणि आपले दोम्माराजू गुकेश ह्यांचे तेरा डावांअखेर गुण समान, ६.५–६.५, चौदावा अखेरचा, काळी मोहरी गुकेशकडे. फरक एवढाच, की ह्या वेळी बरोबरी पांढऱ्यास हवी होती. डिंग मोहऱ्यांची अदलाबदल करीत चालले, एक प्यादे कमी पडले तरी त्यांस चिंता नव्हती, कारण अशी स्थिती सहसा बरोबरीतच सुटते. पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांनी बरोबरी गृहीत धरली होती. अठरा वर्षांच्या गुकेशने ती धरली नाही. धोका नाही आणि घाई नाही, तर उठावयाचे कशास, अशा बेताने तो खेळत राहिला. पंचावन्नाव्या खेळीस डिंगांनी हत्तीस हत्ती लावला. त्यांचा उंट त्या वेळी कोपऱ्यात होता, पण हा कोपरा सोफियाच्या कोपऱ्यासारखा नव्हता. येथे उंटास खरोखरच पळावयास वाट नव्हती. हत्ती गेले, पाठोपाठ उंट गेले, आणि उरलेल्या प्याद्यांच्या डावात एक प्यादे अधिक असणारा काळा जिंकला. अठ्ठावन्न खेळ्या, गुण ७.५–६.५. हे गुकेश आनंदांच्या मार्गदर्शनाखाली तयार झालेल्या तरुणांपैकी आहेत.

आणि पुढच्याच वर्षी, २८ जुलै २०२५ रोजी, जॉर्जियातील बाटुमी येथे महिलांच्या विश्वचषकाचा अंतिम सामना दोन भारतीय महिलांत झाला. आंध्रच्या कोनेरू हंपी ह्या अनुभवाने कितीतरी वडील. समोर एकोणीस वर्षांची नागपूरची दिव्या देशमुख. नेहमीच्या गतीचे दोन्ही डाव बरोबरीत, पहिला जलद डावही बरोबरीत. दुसऱ्या जलद डावात दिव्याकडे काळी मोहरी होती. घड्याळाच्या रेट्यात हंपींकडून चूक झाली, दिव्याने ती ओळखली, आणि विश्वचषकाबरोबरच ग्रँडमास्टर ही पदवीही नागपुरास आली.